तुझे नऊ बुधवार

तुळशीराम,

तुझ्या शोकसभेला पंचवीसेक माणसं होती आणि त्यांतल्या सहा जणांना बोलायचं होतं. प्राचार्य नेहमीप्रमाणे उशिरा आले, त्यामुळे तुला कॉलेजच्या दृष्टीने मरायला चाळीस मिनिटं उशीर झाला. हार इतका जाड आणला होता की फोटोत फक्त तुझा चष्मा दिसत होता. चष्म्याच्या मागे कोण आहे हे बहुतेक वक्त्यांनाही नक्की ठाऊक नसावं. एकाने तुला वनस्पतिशास्त्रात टाकलं. चौघांनी सांगितलं की तुळशीराम गेलेले नाहीत, ते आपल्यातच आहेत. पाचवा म्हणाला, थोडे थोडे सगळ्यांत आहेत.

मी खुर्चीत सावरून बसलो. हे विधान कधीकाळी मी केलं होतं. गणितात केलं होतं, पण होतं हेच. आणि तू त्यावरून माझ्याशी दोन वर्षं भांडला होतास.

सहावा वक्ता मी होतो. मी उठून म्हणालो की मला काही बोलायचं नाही. ते खोटं होतं. बोलायचं पुष्कळ आहे, पण ते फोटोशी बोलण्यासारखं नाही.

तू प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर आणि मी वरच्या मजल्यावर गणित शिकवणारा. तुझ्याजवळ तेलंगखेडीच्या तलावातल्या प्लवकांचे, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांचे, दोन वर्षांचे आकडे होते आणि ते कुणालाच नको होते. ज्या प्राध्यापकांनी तुला जाळं घेऊन पाण्यात उतरवलं, ते मधेच बेडकांकडे वळले होते. माझ्याजवळ समीकरणं होती आणि त्यांनाही गिऱ्हाईक नव्हतं. कॅन्टीनमध्ये तू माझ्यासमोर येऊन बसलास आणि ओळखपाळख नसताना विचारलंस, "दोघं जण एकाच ताटात जेवून राहिले, अन् एकाचा हात जरा जल्दी चालते. तं दुसऱ्याचं काय होईल?"

मी म्हणालो, "दुसरा उपाशी मरेल. सिद्ध करता येतं."

"मंग माह्या तलावात दोघंही कसे जिते आहेत?"

ते दोघं म्हणजे डोळ्यांना न दिसणारी दोन शेवाळं. एक गोल आणि हिरवं, त्याला तू वहीत 'ह' म्हणायचास. दुसरं होडीसारखं, काचेचं कवच असलेलं, ते 'न', म्हणजे नाव. दोघांचं अन्न एकच. नियमाप्रमाणे एकाने संपायला हवं होतं. मी आठवडाभर कागद खराब केले आणि तुला सांगितलं की ताटाजवळ तिसरा कुणीतरी असला पाहिजे, जो जेवणाऱ्यांनाच खातो. जो माजला त्याला आधी खाईल, म्हणजे दुसऱ्याला श्वास मिळेल. तू हसलास आणि मला सूक्ष्मदर्शकात पाणपिसू दाखवलीस. टिचभर काचेच्या मैदानात ती टुणटुण उड्या मारत होती आणि तिच्या पोटात हिरवं दिसत होतं.

मी साताऱ्याचा, पण तुझ्या लेखी भुसावळच्या पलीकडचा प्रत्येक माणूस पुणेकर. त्या दिवसापासून मी तुझा पुणेकर झालो.

मग आपली पद्धत ठरली. दर बुधवारी सकाळी तू तलावावर जायचास, बाटली भरून आणायचास आणि दुपारी थेंबाथेंबाने मोजायचास. मी आदल्या दिवशी हाताने फिरवायच्या यंत्रावर त्या बुधवारचे आकडे काढून ठेवायचो. पहिल्या काही आठवड्यांत फार चुकलो. मग आकडे जवळ यायला लागले. मग ते इतके जवळ आले की मला आनंद होत होता आणि तू माझा कागद लांबूनच बघायला लागला होतास.

"मले भेव वाटून राहिलं गा," तू एकदा म्हणालास. "तू कागदावर लिहितो अन् तिकडे तलावात होते."

तलावात होतं ते मी लिहितो, असं मी समजावलं. तू मान हलवलीस. "नाही. तुहं लिहिणं आधी आहे."

म्हणून पाकिटं आली. माझा आकडा मी पाकिटात घालून डिंकाने बंद करायचा, तू न बघता मोजायचं आणि वहीत लिहायचं, मग मी पाकीट फोडायचं. ही शिस्त तुझी, माझी नव्हे. मला ती थोडी नाटकी वाटली होती.

एका थंडीत मी तुझ्याबरोबर आलो होतो. धुकं इतकं होतं की डोंग्याचं पुढचं टोक दिसत नव्हतं. पाणी रंगाच्या डब्यासारखं दाट हिरवं, वल्हं बुडलं तरी आवाज नाही, पक्षी नाहीत. मी काहीतरी बोलायला गेलो तर तू हात वर केलास. नंतर म्हणालास की बोलल्याने काही होत नाही, पण इथे कुणी बोलत नाही. माझ्या कोटाच्या खिशात पाकीट होतं आणि त्यात बावीस लिहिलेलं होतं. दुपारी तू मोजलेस तेव्हा तेवीस भरले. धरमपेठेतून सायकलने घरी जाताना पहिल्यांदा मला तुझ्यासारखं वाटलं. त्या धुक्यात, पाण्याखाली, कुणीतरी माझा खिसा वाचला होता असं वाटलं. मी हे तुला सांगितलं नाही. शास्त्राच्या माणसाने असं सांगू नये, असा माझा तेव्हा समज होता.

आपलं भांडण शून्याचं होतं. माझ्या समीकरणात कुणीही पूर्ण मरत नाही. संख्या उतरते, निम्मी होते, पुन्हा निम्मी होते, एका थेंबात एकाचा हजारावा भाग इतकी होते. पण शून्य होत नाही. म्हणूनच दिवस बदलले की ती परत वर येऊ शकते.

"हजारावा हिस्सा जीव कोठी राहते?" तू विचारायचास. "शेपटी राहते का त्याची? एक तं आहे, नाही तं नाही."

"सरासरी आहे ती, तुळशीराम. हजार थेंबांत एक."

"मंग तसं म्हण. जीव कापू नको." आणि मग मिशीत हसून, "काहून गा पुणेकर, तुमच्याकडे कोणी पूर्ण मरतच नाही का? आमच्या घरी छप्पन साली दीक्षा घेतली अन् हे सारं बंद झालं. पुन्हा जन्म नाही, पिंड नाही, कावळा नाही. तू आता गणितातून परत आणून राहिला."

यावर माझ्याजवळ उत्तर होतं, पण ते कागदावर चांगलं दिसायचं, तोंडी नाही.

पुढच्या वर्षी मला मुंबईला एका संस्थेत संगणकावर काम करायची परवानगी मिळाली. अडीच महिने. जाण्याआधी मी मोठं गणित सोडवलं. त्यातून निघालं की लवकरच ह माजेल, न कोसळेल, नऊ आठवडे नसल्यासारखा राहील आणि दहाव्या आठवड्यात परत येईल. मुंबईच्या यंत्रानेही तेच सांगितलं. त्याने छापून दिलेल्या लांब कागदावर न ची रेघ तळाला लागून सरपटत गेली होती, मेल्यासारखी, आणि दहाव्या बुधवारी तिने डोकं वर काढलं होतं. मी दहा पाकिटं तुझ्याजवळ ठेवून गेलो होतो. मुंबईहून तुला पत्र लिहिलं, की वेळ कमी असेल तर बाकीचं राहू दे, न वर तेवढं लक्ष ठेव.

परत आलो तेव्हा तू मला टेबलावर पाकिटं दिलीस आणि आकड्यांची एक स्वच्छ प्रत. नऊ ओळींत फक्त 'न०'. दहाव्या ओळीत, न चाळीस. मी दहावं पाकीट फोडलं. आत अडतीस होतं.

मी तुला मिठी मारली होती, आठवतं? तू खांब झाला होतास. मी समजलो, दमला असशील.

मग लेख, मग परिषद. परिषद आपल्याच गावात होती. दिवा लावायला काडेपेटी सापडेना, ती सापडेपर्यंत पाहुणे समईशेजारी हात जोडून उभे राहिले. उद्घाटकांनी प्लवक हा शब्द भाषणात चार वेळा चार प्रकारे उच्चारला आणि त्यांच्यामार्फत देश पुढे जाईल असं आश्वासन दिलं. मला शाल मिळाली. तुला दारापाशी स्वागताची ड्यूटी मिळाली. लेखाच्या शेवटी आभारात तुझं नाव होतं, तेही चुकीच्या अक्षराने. मी ते मुद्रकाच्या माथी मारलं होतं. मुद्रणप्रत मीच तपासली होती.

माझं बोलणं झाल्यावर कानाला यंत्र लावलेले एक वृद्ध गृहस्थ उठले आणि म्हणाले, "नऊ आठवडे शून्य. तुमच्या कागदावरचं नव्हे, भिंगाखालचं शून्य. मग एकदम चाळीस. हे चाळीस आले कुठून?" अध्यक्षांनी चहाची वेळ झाल्याचं जाहीर केलं. टाळ्या झाल्या. पण ते चाळीस माझ्या डोक्यातून गेले नाहीत. अडतीस आणि चाळीस. इतकं जवळ कसं?

पंधरा दिवस मी ते घेऊन फिरलो आणि एका दुपारी खाली तुझ्या प्रयोगशाळेत आलो. तू नळाखाली काचपट्ट्या धूत होतास. मी विचारलं, "पाकीट उघडलं होतंस का रे?"

तू ती पट्टी धुतलीस. पुसलीस. उजेडात धरून बघितलीस. मग म्हणालास, "मी पाहिलं ते लिहिलं. नाही पाहिलं तेही लिहिलं. तुमाले अजून काय पाहिजे, सर?"

सर. तुमाले. मला आजही तो नळ ऐकू येतो.

त्यानंतर तू माझ्याशी कधी वाईट वागला नाहीस. समोर आलास की नमस्कार, दिवाळीला चिवडा, माझ्या मुलीच्या लग्नाला सगळ्यात आधी हजर. पण बारा वर्षं मी तुझा सरच राहिलो. बुधवार संपले. मी दुसऱ्या कुठल्यातरी गणितात शिरलो आणि मनात तुझ्यावर एक खूण करून ठेवली: चांगला माणूस, मित्राला खूश करण्यासाठी एकदा आकडा जुळवला. मी तुला माफ केलं होतं, तुळशीराम. मी तुला माफ केलं होतं आणि त्यात मला मोठेपणा वाटत होता.

शोकसभेनंतर मी इंदोऱ्याला तुझ्या घरी गेलो. वहिनींनी चहा केला आणि एक खोकं पुढे सरकवलं. "हे तुमचं आहे म्हणत होते. कागद आहेत तलावाचे. आमाले काय समजते त्यातलं?"

त्यात मूळ वही होती, जी मी कधी बघितलीच नव्हती. मी कायम तुझ्या स्वच्छ प्रतीवर काम केलं. मी ती चाळत तिथेच बसलो. तुझं शालेय शिक्षण हिंदी गुरुजींच्या हाताखालचं, त्यामुळे तुझ्या हाताला ते वळण होतं. आम्ही शब्द तोडून टिंब देतो, तू तिथे गोल काढायचास. डॉ०. प्रा०. ता०. सुट्टीत साताऱ्याला मला तुझी पोस्टकार्डं यायची त्यांवर 'जि० सातारा' असायचं आणि मी तुला चिडवायचो की माझ्या जिल्ह्याला भोक पाडलंस.

पहिल्या बुधवारी तू वहीत पूर्ण लिहिलं होतंस: 'नमुना नाही. आई धंतोलीला दवाखान्यात.' दुसऱ्या बुधवारपासून तोडून: 'न०. दवा०.' तिसऱ्याला 'न०. आईची शुद्ध नाही.' पाचव्याला 'न०. काल आई गेली.' पुढे नुसतं 'न०', 'न०', 'न०'. दहाव्याला तू पुन्हा तलावावर गेलास आणि चाळीस मोजलेस.

म्हणजे नऊ आठवडे तलावात काय होतं हे कुणालाच माहीत नाही. तिथे कुणी गेलंच नव्हतं. तू लिहिलंस 'नमुना नाही' आणि मी वाचलं 'न शून्य'. बाजूचे ह आणि पाणपिसूचे दोन रकाने रिकामे होते, तर मी म्हटलं, माझ्याच पत्रामुळे तू बाकीचं मोजलं नसशील. मी ते समीकरणातून भरून घेतले. तू सांगितलंही होतंस. 'नाही पाहिलं' म्हणाला होतास, 'दिसलं नाही' म्हणाला नव्हतास. साताऱ्याच्या शाळेत या दोन शब्दांतला फरक आम्हाला शिकवला होता, तरी मला तो ऐकू आला नाही.

आणि एवढी साधी गोष्टही मला सुचली नाही, की ज्याला मला फसवायचं होतं त्याने नऊ पाकिटं उघडून नऊ आकडे लिहिले असते. रिकाम्या ओळी कोण सोडतं?

तू मुंबईला मला कळवलं होतंस. कार्डावर एकच ओळ, आई गेली. मी उलट टपाली चार ओळी पाठवल्या आणि पाचव्या ओळीत विचारलं, न चं काय चाललंय? तुझी आई मरत होती ते आठवडे मी आलेखावर काळ्या ठिपक्यांनी काढले, खाली 'निरीक्षण' असं लिहिलं, आणि ते दाखवून शाल घेतली.

माझं चुकलं. हे वाक्य मी वहिनींसमोर म्हटलं. त्यांना आधीचं काही माहीत नव्हतं, म्हणून सगळं सांगावं लागलं, पाकिटासकट. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्यायनं मले एवढंच सांगतलं होतं, का पुणेकराचं मन फिरलं."

तो छापील आलेख तू पाहिला होतास का, हे मला कधीच कळणार नाही. पाहिला असशील तर ती शून्यं माझ्या यंत्राची वाटली असतील तुला. किंवा ओळखली असशील आणि तरी बोलला नसशील. यातलं दुसरं असेल तर ते मला सोसत नाही, म्हणून मी पहिलं धरून चाललोय. ज्या मासिकात तो लेख आला होता त्यांना मी पत्र टाकलंय, की ते नऊ ठिपके माझे आहेत, तलावाचे नाहीत. ते छापतील की नाही, माहीत नाही. इतक्या जुन्या चुकांची त्यांना फारशी अडचण होत नाही.

निघताना वहिनी म्हणाल्या, "अन् हे बी न्या. फेकाले मन होत नाही." कपाटातून त्यांनी एक बाटली काढली. बूच मेणाने बंद केलेलं, आत पिवळट पाणी आणि तळाशी राखेसारखा थर. चिठ्ठीवर पेन्सिलने तारीख. मी वही उघडून ताडून पाहिली. पाचवा बुधवार.

"आईले नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच जाळं घेऊन निघून गेले," वहिनी सांगत होत्या. "मी म्हटलं, अहो, आज? तं म्हणे, बुधवार आहे. परत आले, त्यात टिकवाचं औषध टाकलं, बूच लावलं, अन् ठेवून देल्ली. मोजली नाही. वहीतही लिहिली नाही. मी इचारलं तं म्हणे, हे मोजाचं पाणी नाही."

काल दुपारी मी ती घेऊन तुझ्या प्रयोगशाळेत गेलो. वहिनीही आल्या. तुझ्या जागेवर आता नवा माणूस आहे. त्याने सूक्ष्मदर्शक दिला आणि आमच्याकडे पाठ करून बसला. मी थेंब घेतला. भिंग जुळवायला मला फार वेळ लागला. मग धूसर पाण्यातून त्या वर आल्या. होड्या. लांब, निमुळत्या, काचेच्या, एकमेकींना न शिवता सगळीकडे पडलेल्या.

सदतीस मोजल्या.

"आहेत?" वहिनींनी विचारलं.

"आहेत. सदतीस."

"जित्या?"

मी भिंगावरून डोळा काढला. न मेला की आतला सोनेरी गर जातो आणि काचेचं कवच तसंच राहतं. ती रिकामी कवचं पाण्यात महिनोन् महिने तरंगतात. तू त्यांना मोजायचा नाहीस, एका नजरेत वगळायचास. पण बारा वर्षं औषधात राहिल्यावर गर असो नसो, रंग कुणालाच उरत नाही. त्या सकाळी या सदतीस जणी जिवंत होत्या का नुसत्या काचा होत्या, हे आता सांगता येत नाही. जिवंत असतील तर माझं गणित त्या बुधवारी खोटं होतं, काचा असतील तर कदाचित खरं. बहुतेक तूही सांगू शकला नसतास. पण तू प्रयत्न केला असतास, हे मला माहीत आहे.

"कळत नाही, वहिनी."

"त्यायनं पाहिलं असतं तं कळलं असतं," त्या म्हणाल्या. तक्रार नव्हती ती.

मी पुन्हा डोळा लावला. डाव्या कडेची एक होडी हलली. अगदी थोडी, टोक वळवल्यासारखी. थेंब वाळायला लागला की आतलं पाणी कडेकडे सरकतं आणि सगळं थोडं हलतं, हे मला माहीत आहे. मी थांबून बघत राहिलो. बाकीच्या छत्तीस जागच्या जागी होत्या. तिला मी मघाशी मोजलं होतं की नव्हतं, हे मला आठवेना, म्हणून मी पुन्हा एकपासून सुरुवात केली.